सायकॉलॉजी झालं, आता काउन्सेलिंगमध्ये जायचंय? मला सतत विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आणि परत टी.वाय.च्या परीक्षा संपल्या की माझ्या फोनवर तेच तेच प्रश्न यायला लागतात, कुणाची भाची असते, कुणाचा शेजारचा मुलगा असतो, कधी थेट आईच फोन करते. मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते, सुरुवात शाळेतून केली, मधे चार वर्षं एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी जागेवर होते, आता स्वतःची खोली आहे. प्रत्येकाला घाईघाईत दोन मिनिटांत सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. जे मला पक्कं माहीत आहे तेवढंच लिहिलंय.

नुसतं बी.ए. सायकॉलॉजी करून काउन्सेलर होता येतं का?

नाही. म्हणजे उद्या कुणी पाटी लावली तर पोलीस येऊन काढणार नाहीत, आपल्याकडे आजच्या घडीला 'काउन्सेलर' हा शब्द वापरायला कुठलं लायसन्स लागत नाही आणि हीच खरी काळजीची गोष्ट आहे. पण बी.ए.ला आपण शिकतो काय, तर थिअरी, संशोधन पद्धती, थोडं स्टॅटिस्टिक्स आणि प्रॅक्टिकलला रिॲक्शन टाइम, मेमरी असले प्रयोग. समोर बसलेला माणूस रडायला लागला, किंवा म्हणाला की मला जगायचं नाही, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं हे बी.ए.च्या पेपरात कुठेच नसतं. त्यासाठी एम.ए. लागतं आणि एम.ए.सोबत प्रत्यक्ष माणसांबरोबर, कुणाच्या तरी देखरेखीखाली घालवलेले तास लागतात, या दुसऱ्या गोष्टीबद्दल खाली परत परत बोलणार आहे कारण तिथेच सगळे कमी पडतात.

मग बी.ए. वाया गेलं का, तर अजिबात नाही. शाळेत स्पेशल एज्युकेटरच्या हाताखाली शॅडो टीचर म्हणून, म्हणजे वर्गात एखाद्या विशेष मुलासोबत बसून त्याला मदत करायचं, काम मिळतं, संस्थांच्या सर्व्हेमध्ये, रिसर्च प्रोजेक्टमध्ये, एच.आर.मध्ये जाता येतं, काही हेल्पलाइन ट्रेनिंग देऊन व्हॉलंटियर घेतात. एचआयव्हीच्या आयसीटीसी, म्हणजे तपासणी आणि समुपदेशन केंद्रांवरच्या समुपदेशक पदाच्या काही जाहिरातींत तर पदवी अधिक अनुभव असलेल्यांनाही अर्ज करता येतो. एक-दोन वर्षं असं काम करून मग एम.ए.ला आलेली मुलं वर्गात लगेच ओळखू येतात, त्यांचे प्रश्नच वेगळे असतात.

सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, नक्की फरक काय?

सायकॅट्रिस्ट म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, तो एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा तत्सम शिक्षण घेतलेला डॉक्टर, आणि औषधं तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, आजाराचं मूल्यमापन, चाचण्या आणि थेरपी करणारा, रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे म्हणजे आरसीआयकडे नोंदणी झालेला. काउन्सेलर किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट हा जगण्यातल्या अडचणींवर काम करतो, नातं, परीक्षा, नोकरी, दुःख, निर्णय, चिंता. सीमारेषा दरवेळी स्पष्ट नसते पण एक गोष्ट स्पष्ट आहे, आपण औषधाबद्दल बोलायचं नाही, चालू गोळी बंद करा असं तर कधीच म्हणायचं नाही. आणि कुणाला कानात आवाज ऐकू येतात, चार-चार रात्री झोप नाही, अशा वेळी सायकॅट्रिस्टकडे पाठवायचं, तेही नंबर हातात टेकवून नाही तर नातेवाइकाशी बोलून, अपॉइंटमेंट झाली का ते बघून.

आरसीआयचं रजिस्ट्रेशन नसेल तर काम करता येत नाही का?

यावर इतका गोंधळ आहे की सावकाश सांगते. आरसीआयचा कायदा 1992 चा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं, तशी पदवी नावापुढे लावायची, तर आरसीआयमान्य कोर्स आणि सीआरआर नंबर, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक, हवाच. वर्षानुवर्षं तो कोर्स म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. होतं, आपल्याकडे पुण्यात ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत ते असायचं, बाहेर बेंगळुरूचं निम्हान्स, रांचीचं सीआयपी ही मोठी नावं. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांसाठी यूजीसीने 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली होती. म्हणून आता कुणी सीनियरने 'एम.ए. कर, मग एम.फिल. कर' असं सांगितलं तर तो सल्ला जुना झालाय, प्रवेश घ्यायच्या आधी आरसीआयच्या वेबसाइटवर त्या वर्षाची मान्यताप्राप्त कोर्सची यादी स्वतः उघडून बघा, कॉलेजच्या ब्रोशरवर विसंबू नका.

काउन्सेलरसाठी आरसीआय लागत नाही. पण 2021 मध्ये अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्यात बिहेवियरल हेल्थ सायन्स या गटाखाली आरसीआयच्या बाहेरचे सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक पण येतात. म्हणजे आज मोकळं असलेलं हे मैदान पुढेही असंच राहील असं धरून चालू नका. मला हे चांगलंच वाटतं. तुमची मार्कशीट, इंटर्नशिपची सर्टिफिकेटं, किती तास काम केलं त्याचा सुपरव्हायझरच्या सहीचा कागद, सगळं एका फाइलीत जपून ठेवा, नोंदणीची वेळ येईल तेव्हा हेच कागद लागतील.

एम.ए. कुठून करू? डिस्टन्सने केलं तर चालेल का?

डिस्टन्सचा प्रश्न आता जवळजवळ मिटलाय. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली. ज्यांनी आधी डिस्टन्सने पूर्ण केलंय त्यांनी घाबरून जाऊ नये, पण नवीन प्रवेश कुणी देत असेल तर पैसे भरायच्या आधी दहा वेळा विचारा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकांसाठी हा निर्णय जड गेलाय हे मला माहीत आहे, माझ्याबरोबर काम करणाऱ्या दोघी तशाच शिकल्यात आणि उत्तम काम करतात.

रेग्युलरमध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठाचा अप्लाइड सायकॉलॉजी विभाग, एसएनडीटी, मुंबईचं टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), फर्ग्युसन हे तर आहेतच, पण मी नावापेक्षा एकच प्रश्न विचारायला सांगते: दोन वर्षांत विद्यार्थ्याला प्रत्यक्ष क्लायंट किती मिळतात आणि त्यावर देखरेख कोण करतं? हे ऑफिसमधल्या माणसाला विचारू नका, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठून विचारा. तुम्ही एन.ई.पी.च्या म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत चार वर्षांची ऑनर्स केली तर एम.ए. एका वर्षात होतं, वेळ वाचतो खरा पण त्या एका वर्षात फील्डवर्कला किती जागा आहे ते आधी बघा.

एम.एस.डब्ल्यू. करू की एम.ए.?

सरकारी आणि संस्थांमधल्या जागा डोळ्यांसमोर असतील तर एम.एस.डब्ल्यू. अजिबात कमी नाही. मुंबई पोलीस आणि टिस यांनी 1984 मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तिथलं काम मुळात सोशल वर्करचं. मारहाण होतेय अशा बाईला फक्त मनाची उभारी पुरत नाही, रात्री राहायचं कुठे, एफआयआर कशी, मुलांचे दाखले कोण आणणार हे सगळं करावं लागतं आणि ते एम.एस.डब्ल्यू.वाले छान शिकून येतात. थेरपी, चाचण्या, पुढे क्लिनिकलला जायचंय तर एम.ए.

तीन महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून सुरुवात करू का?

एम.ए. झाल्यावर एखादं कौशल्य वाढवायला छोटा कोर्स जरूर करा, आरईबीटी, सीबीटी या विचारांवर काम करणाऱ्या थेरपी, कौटुंबिक समुपदेशन. पण एम.ए.च्या ऐवजी करू नका. माझ्याकडे एक मुलगी आली होती, वीस-बावीस हजार भरून ऑनलाइन कोर्स केला, सर्टिफिकेटवर सोनेरी शिक्का, आणि आठवड्यातून दोनदा रेकॉर्डेड व्हिडिओ सोडला तर काही नाही. तिने पहिलीच केस घेतली ती नुकतंच मूल गमावलेल्या जोडप्याची. तिला रात्रभर झोप लागली नाही आणि त्या जोडप्याला काय मिळालं असेल याचा विचार मला अजून अस्वस्थ करतो. चूक त्या मुलीची कमी आणि तिला 'तू आता तयार आहेस' असं सांगणाऱ्यांची जास्त.

नोकऱ्या कुठे कुठे असतात?

शाळांपासून सांगते कारण बहुतेकांची सुरुवात तिथेच होते. सीबीएसईच्या नियमांत शाळेत काउन्सेलर असणं अपेक्षित आहेच. आणि जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विशाखापट्टणममधल्या नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना सांगितलं की 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, कोचिंग क्लास धरून, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमावा. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडे क्लासेसची जी गर्दी आहे, खोल्या करून राहणारी पोरं आहेत, तिथे याचा अर्थ किती मोठा आहे ते मला वेगळं सांगायला नको. अंमलबजावणी कशी होते ते दिसेलच, पण तुमच्या अर्जासोबत या निकालाचा उल्लेख करायला काय हरकत आहे.

सरकारी बाजूला आरोग्य अभियानाखाली किशोरवयीन मुलामुलींसाठीचे समुपदेशक (राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, 2014 पासून), आयसीटीसी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, आणि 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, नंबर 14416, जिथे पहिला फोन प्रशिक्षित समुपदेशकच घेतो. या जागा बहुतेक कंत्राटी असतात, अकरा महिन्यांचा करार, मग परत ऑर्डर, मधे दोन-तीन महिने मानधन अडकलेलं, मी चारही वर्षं हे भोगलंय. तरी सांगते, माझं खरं शिक्षण तिथेच झालं.

कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात, 1984 च्या कायद्यातच त्यांची तरतूद आहे, जागा कमी निघतात पण काम फार वरच्या दर्जाचं, पात्रता मात्र जाहिरातीत अक्षरन् अक्षर वाचा. व्यसनमुक्ती केंद्रं आहेत. मानसोपचारतज्ज्ञांची क्लिनिक, मोठी हॉस्पिटलं जिथे कॅन्सर, आयव्हीएफ, डायलिसिस अशा विभागांना आता समुपदेशक लागतो. ठाण्याची आयपीएच संस्था 1990 पासून आहे, आणि मनाच्या आरोग्यावर मराठीत किती मोठं काम उभं राहू शकतं हे बघायचं असेल तर एकदा जाऊन या. टिसची आयकॉल 2012 पासून फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करते. कंपन्यांसाठी कर्मचारी साहाय्य सेवा देणाऱ्या संस्था आहेत, तिथे पगार बरा पण दिवसाला पाठोपाठ सेशन असतात. आणि शिकवायचं असेल तर एम.ए.ला 55 टक्के, मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, मग बहुतेकांच्या नशिबी सुरुवातीला सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व, ते काय असतं ते कुठल्याही सिनियर कॉलेजात जाऊन विचारा.

पगार किती मिळतो? खरं सांगा.

मी 2012 मध्ये शाळेत लागले तेव्हा हातात 11 हजार यायचे. आता माझ्या ओळखीत नुकतं एम.ए. झालेली मुलं पुण्यात शाळेत किंवा संस्थेत 20 ते 30 हजारांच्या आसपास सुरू करतात, तालुक्याला त्याहून कमी. प्रायव्हेटला शहरात एका सेशनचे 800 ते 2000 घेणारे बरेच आहेत, पण लोक लगेच गुणाकार करतात, दिवसाला पाच सेशन गुणिले पंचवीस दिवस. तसं होत नाही हो. क्लायंट रद्द करतो, सणासुदीला, परीक्षेच्या काळात खोली रिकामी असते, तासावर घेतलेल्या केबिनचं भाडं मात्र द्यायचंच, सुपरव्हिजनची फी असते, आणि काहींकडून तुम्ही कमी पैसे घेणार, घ्यायलाच हवेत. पहिली चार-पाच वर्षं घरातून थोडा आधार किंवा जोडीला अर्धवेळ नोकरी लागते. ज्यांच्या घरी कर्जाचा हप्ता आहे, लहान भावंडं शिकतायत, त्यांना मी आधी नोकरीच धरायला सांगते, प्रॅक्टिस नंतर.

माझं शिक्षण मराठी मीडियममधून, इंग्लिश कच्चं आहे. जमेल का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मला जवळ बसवून सांगावंसं वाटतं. पुस्तकं इंग्लिशमध्ये आहेत, एम.ए.चा बराच अभ्यास इंग्लिशमध्ये आहे, तेवढं वाचता यायला हवं, त्याला पर्याय नाही, रोज दोन पानं वाचून सहा महिन्यांत ते जमतं. पण माणसं इंग्लिशमध्ये दुःखी होत नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात एक चाळिशीच्या बाई आल्या होत्या, आठ महिने ॲसिडिटीच्या आणि ताकदीच्या गोळ्या घेत होत्या. मी नवीन, हातात भाषांतर केलेली प्रश्नावली, पहिलाच प्रश्न वाचला, 'गेल्या दोन आठवड्यांत आपणांस औदासीन्य जाणवले का?' त्या म्हणाल्या, 'म्हंजी?' मी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, कशात मन लागतं का हो ताई. त्या थोडा वेळ पदराच्या टोकाला पीळ देत बसल्या आणि मग एकदम म्हणाल्या, 'कशातच न्हाई. पोटात कालवाकालव हुती, डोक्याला मुंग्या येत्यात, आन भाकरी थापताना उगंच रडू फुटतंय, मग पीठ भिजतं.' पीठ भिजतं. त्या वाक्यात झोप, भूक, रडू, अपराधीपणा, सगळी लक्षणं होती आणि प्रश्नावलीतल्या एकाही ओळीत ती बाई नव्हती. त्यांना मग जिल्ह्याच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधही लागलं आणि बोलणंही लागलं.

जीव घाबराघुबरा होतो, काळजात धस्स होतं, करमत नाही, उबग आलाय, डोकं भणभणतं, आतल्या आत कुढतो, हे शब्द ज्याच्या कानाला सवयीचे आहेत तो समुपदेशक या राज्याला हवाय. कन्नड सीमेवरचा असेल, अहिराणी येत असेल, वऱ्हाडी येत असेल तर आणखी उत्तम. तुमची बोली लपवू नका.

गावाकडे, तालुक्याला हे चालेल का? लोक येतील का?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निघालं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण 70 ते 92 टक्के आहे. म्हणजे गरज आहे का हा प्रश्नच नाही. लोक 'काउन्सेलिंग सेंटर' अशा पाटीखाली सहसा येत नाहीत एवढंच, त्यांना तिकडे जाताना कुणी बघेल याची धास्ती असते. पण फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात आतल्या खोलीत तुम्ही बसलात, शाळेत पालकसभेला बोललात, आशाताईंशी ओळख ठेवलीत की माणसं येतात, संध्याकाळी अंधार पडल्यावर येतात, पण येतात.

आणि आपल्या शेजारी गोव्यात काय झालं ते वाचा. तिथल्या संगत संस्थेने स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या लोकांना नीट प्रशिक्षण आणि नियमित सुपरव्हिजन देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवलं, नैराश्य असलेल्यांना सहा ते आठ बैठका, आणि त्यांना नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त फरक पडला, 2017 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. काही जण यातून अर्थ काढतात की मग डिग्री कशाला. मी त्यातून दुसरं घेते, त्या लोकांना प्रत्येक केसवर बोलायला दर आठवड्याला कुणीतरी होतं.

सुपरव्हिजन सुपरव्हिजन म्हणताय, ते नक्की असतं काय?

आपल्यापेक्षा अनुभवी माणसासमोर आपली केस, नावगाव न सांगता, ठेवायची आणि मी काय केलं, का केलं, कुठे अडले ते बोलायचं.

माझी गोष्ट सांगते. शाळेत नववीतला एक मुलगा माझ्याकडे पाठवला होता, मारामाऱ्या करतो म्हणून. माझी बसायची जागा क्रीडासाहित्याच्या खोलीत, एका बाजूला कॅरम उभे केलेले. तो तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा दप्तराच्या पट्ट्याचा एकेक दोरा ओढत बसला, बोलला काहीच नाही. चौथ्या वेळी विचारलं, 'मॅडम, तुम्ही सरांना सांगणार का?' मी नाही म्हटलं. मग म्हणाला, पप्पा दिवाळीपासून घरी नाहीत. मला इतका आनंद झाला की तो बोलला, की मी लगेच सुरू झाले, आईशी बोल, खेळात मन रमव, तुझा दोष नाही. तो 'हो' म्हणाला आणि त्यानंतर महिनाभर आलाच नाही.

मी हे माझ्या सुपरव्हायझर बाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत, एवढंच विचारलं, 'तो बोलल्यावर तू किती सेकंद गप्प होतीस?' एकही नाही. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी गप्प बसायला शिकले होते, आणि गप्प बसणं किती अवघड असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. हे मला एम.ए.च्या कुठल्याही पेपराने शिकवलं नसतं. त्यामुळे नोकरी घेताना, इंटर्नशिप घेताना विचारा की सुपरव्हिजन मिळणार का, नसेल तर पगारातले हजार-दीड हजार बाजूला काढून स्वतः लावा.

मुलांनी सांगितलेलं शाळेला, पालकांना सांगायचं का?

सहसा नाही, आणि इथे तुमची परीक्षा लागते. एका शाळेत मला दर शनिवारी यादी मागितली जायची, कोण मुलगा काय बोलला. मी नकार दिला, सहा महिन्यांनी करार वाढवला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क म्हणून लिहिलेली आहे आणि शाळेच्या खोलीतही तोच विचार लागू करायचा.

पण सुरुवातीलाच मुलाला सांगायचं की तीन वेळा मला गप्प बसता येणार नाही, तुझ्या जिवाला धोका असेल, तू कुणाला इजा करणार असशील, किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर. शेवटच्या बाबतीत तर पर्यायच नाही, 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शाळा म्हणेल आमचं नाव खराब होईल, घरचे पाया पडतील. हे कलम पाठ करून, प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवा. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना दिसेल असा भिंतीवर लावा.

मी स्वतः डिप्रेशनमधून गेलोय, मी काउन्सेलर होऊ शकतो का?

हो. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र बघा, 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु.लं.च्या मदतीने सुरू केलं, तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसं पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली आणि पेशंटला त्यांचं म्हणणं लवकर पटतं. फक्त आपलं दुःख पुरेसं निवळलेलं हवं, समोरच्याच्या सेशनमध्ये आपलं उसळून येऊ नये. त्यासाठी स्वतः थेरपी घ्या, त्यात लाज कसली. माझीही चालू असते अधूनमधून.

मुलगे या फील्डमध्ये असतात का?

कमी आहेत आणि फार हवे आहेत. व्यसनमुक्ती, पोलीस, कारखाने, शेतकरी कुटुंबं, मुलांची वसतिगृहं, अशा ठिकाणी पुरुष समुपदेशक शोधून सापडत नाहीत.

चाळिशीत सुरू केलं तर उशीर होईल का?

नाही. वय इथे उपयोगी पडतं. फक्त 'मी आयुष्य बघितलंय' या जोरावर सल्ले द्यायची जी सवय लागलेली असते ती सोडायला वेळ लागतो, तेवढा द्या.

परदेशात ही डिग्री चालते का?

तशीच्या तशी चालत नाही. ब्रिटनमध्ये काउन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही नावं कायद्याने राखीव आहेत, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते, अमेरिकेत प्रत्येक राज्याचं लायसन्स वेगळं. तिथली मराठी कुटुंबं ऑनलाइन मराठी समुपदेशक शोधतात हे खरं आहे, माझ्याकडेही विचारणा येते, पण तो माणूस ज्या देशात बसलाय तिथला नियम बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

घरचे म्हणतात यात काय करिअर, वेड्यांचा डॉक्टर होणार का. त्यांना काय सांगू?

भांडू नका. माझे वडील एस.टी.त कंडक्टर, त्यांनी दोन वर्षं नातेवाइकांना सांगितलंच नाही मी काय शिकते ते. मग एकदा त्यांच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरने अपघातानंतर गाडी हातात घ्यायचं सोडलं, स्टिअरिंग धरलं की हात थरथर कापायचे, आणि वडिलांनी मला फोन केला की तुमच्यात यावर काही असतं का गं. त्यांना मी ओळखीच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं, वडील स्वतः सोबत गेले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. त्यानंतर मला काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमच्या घरच्यांना आकडे दाखवण्यापेक्षा एखाद्या समुपदेशकाला भेटवा, त्यांना प्रश्न विचारू द्या, पगाराचेसुद्धा.

मी आत्ता टी.वाय.ला आहे, या वर्षात काय करू?

ज्या ज्या विद्यापीठाचे फॉर्म भरायचे त्यांच्या प्रवेशपरीक्षेच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहा, काही ठिकाणी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा लागते आणि तिचे फॉर्म इतके लवकर निघतात की दरवर्षी कुणीतरी हुकतं. आठवड्यातून एक दिवस कुठेतरी जा, विशेष मुलांची शाळा, वृद्धाश्रम, व्यसनमुक्ती केंद्र, जिथे घेतील तिथे, आणि तिथे पहिल्या महिन्यात कुणालाही काही सांगायचं नाही, फक्त बसायचं आणि ऐकायचं.

एक वही करा. लोक आपल्या त्रासाला काय काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत उतरवा, बसमध्ये ऐकलेलं, आजी बोललेली, कुणाचंही नाव न लिहिता. माझी वही त्या दवाखान्यात सुरू झाली, पहिल्या पानावर 'पीठ भिजतं' आहे, आणि परवा अकरावीतली एक मुलगी म्हणाली, 'मॅम, आतून म्यूट झाल्यासारखं वाटतं', ते शेवटच्या पानावर लिहिलंय.